घारीचा पतंग उडवताय? आधी मांजा बाजूला ठेवा

संक्रांत तोंडावर आली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हल्ली कागदी पतंगांच्या शेजारी कापडी घारी आणि गरुड टांगलेले दिसतात. पंखांत फायबरच्या काड्या, पिसांची हुबेहूब छपाई, वारा भरला की एका जागी तरंगत राहण्याची ऐट. वस्तू देखणी आहे. उडवूच नका असं आमचं म्हणणं नाही. पण ती कुठे आणि कोणत्या दोऱ्यावर उडवायची, हे आजच ठरवा.

साध्या पतंगाच्या दोऱ्यात पक्षी चुकून सापडतो. घारीचा पतंग त्याला बोलावून घेतो. हिवाळा हा खऱ्या घारींच्या विणीचा काळ. जानेवारीत उंच झाडांवर, टॉवरवर त्यांची घरटी असतात. आपल्या हद्दीत परकी घार आली असं वाटलं की घरट्याची मालकीण तिच्यावर झेपावते. कावळे टोळीने चालून जातात, कोतवाल तर एकटाही पुरतो. सगळ्यांचं लक्ष त्या कापडी पाठीवर; खालचा दोरा कुणाला दिसत नाही. तो नायलॉनचा असेल तर खांदा आणि मनगट यांमधली पंखाची पातळ कातडी चिरते, कधी स्नायूही तुटतात. जखम भरली तरी असा पक्षी पुन्हा उडेलच याची खात्री नाही.

आणि खरं पाहता या पतंगाला मांजा हवाच कशाला? पेच लावायचे नाहीत, कुणाला काटायचं नाही. साधा सुती दोरा भरपूर झाला. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. दुचाकीवाल्यांचे गळे कशाने चिरतात, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी काळजी पाणवठ्यांची. ठाणे खाडी, भिगवण, नांदूर मध्यमेश्वर इथे या दिवसांत रोहित आणि बदकं उतरलेली असतात. शिकारी पक्ष्याची आकृती डोक्यावर दिसली की थवाच्या थवा उठतो, आणि आकृती तिथून हलत नाही तोवर नीट टेकत नाही. चरण्याचा वेळ उडण्यात जातो. इंग्लंडमध्ये तितरांनी जागच्या जागी दबून राहावं म्हणून बंदूकवाले मुद्दाम ससाण्याच्या आकाराचा पतंग वर सोडत, एवढी या आकाराची दहशत! शेतकऱ्याने ज्वारीवर काठीला बांधलेल्या घारीची गोष्ट निराळी. तिथे पाखरं उठावीत हाच हेतू असतो.

तेव्हा पाणवठे, घरट्यांची झाडं आणि विजेच्या तारा यांपासून लांब, मोकळ्या मैदानातच उडवा. पक्ष्यांची ये-जा असते त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळा. एखादी घार पतंगाभोवती फिरू लागली तर ढील देऊ नका, सरळ उतरवा. घरी निघताना आसारीबरोबर तुटलेला दोराही गोळा करून न्या, झाडावर लोंबकळत ठेवू नका.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, अंगात रुतलेला तसाच राहू द्या. पक्ष्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मदत येईपर्यंत चोचीत पाणी ओतू नका, दूधभातही भरवू नका.