तिसरा डोस कुणाच्या यादीत?

दवाखाना चांगला कशावरून, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे." आजार बरा करणाऱ्याला ही पावती ठीक आहे. पण जो आजार झालाच नाही, त्याचे श्रेय कुणाला द्यायचे? गोवर न झालेल्या पोराची आई पेढे घेऊन येत नाही. म्हणून लसीकरणासारख्या कामाचे मोजमाप दारातल्या गर्दीवरून नव्हे, गावाच्या यादीवरून करावे लागते.

समजा, एका उपकेंद्राच्या हद्दीत वर्षात १०० बाळे जन्मली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरे पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस ८० जणांना मिळाला, तिसरा ६० जणांना. "आलेल्यांपैकी पाऊण पोरांचे डोस पुरे केले," असे केंद्राला म्हणता येईल. गावाच्या हिशेबाने मात्र ४० बाळे उघडी राहिली. त्यातली २० केंद्रापर्यंत पोचलीच नाहीत. त्याला अंतर, अज्ञान किंवा भीती कारण असेल. उरलेली २० एकदा येऊन मध्येच थांबली. ही गळती २५ टक्के झाली. १० टक्क्यांच्या वर गळती म्हणजे सेवेत कुठेतरी उणीव, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आपल्या सीमाभागात या गळतीला एक खास वाट आहे. पहिले बाळंतपण माहेरी! सासर बेळगाव तालुक्यात, माहेर चंदगडला. डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तीन महिने झाले की बाळ-बाळंतीण सासरी निघतात आणि तिसरा डोस नेमका त्या पाठवणीत सापडतो. इकडच्या आशाताईंना वाटते, तिकडे दिला असेल; तिकडच्यांना वाटते, इकडे देतील. शिवाय कर्नाटकात मिळते ते 'तायी कार्ड'. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या नात्यातल्या एका आजींनी ते 'ताईचे कार्ड' समजून सुनेच्या ट्रंकेत ठेवले. बाळाच्या लसींची पाने त्यातच होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्याचे रजिस्टर नव्हे, घरातले कार्ड पाहतात, नाहीतर आईला विचारतात. त्या पाहणीनुसार देशात १२ ते २३ महिन्यांच्या बालकांत संपूर्ण लसीकरण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्के झाले. प्रगती खरीच, पण चारातले जवळजवळ एक मूल तेव्हाही अर्धवट होते.

आता 'यू-विन' या संगणकीय नोंदणीत दोन्ही राज्यांतले डोस एकत्र दिसू शकतात. तरी बाळ गावात आले, हे कुणीतरी सांगायलाच हवे. तेव्हा सूनबाई परतल्यावर बाळाची दृष्ट काढा, आणि त्याच आठवड्यात कार्ड घेऊन आशाताईंना गाठा. जाताना केंद्रात एवढेच विचारा, "आपल्या हद्दीत बाळे किती आणि तिसरा डोस किती जणांना?" विचारणारे असले की यादीही नीट राहते.