गांडुळे का मरतात?

गांडूळखताचा वाफा केला, पैसे देऊन गांडुळे आणून सोडली आणि आठ दिवसांत सगळी मेली, अशी तक्रार बरेच शेतकरी करतात. पैसा जातो आणि हौसही जाते. बहुधा घात करते ते ताजे शेण.

ताजे शेण व ओला पाला कुजू लागला की ढीग आतून तापतो. खत करणारी लाल गांडुळे, म्हणजे आयसेनिया फेटिडा, १५ ते ३० अंश उष्णतेत सुखाने राहतात; ३५ च्या वर ती तग धरत नाहीत. म्हणून शेण, पालापाचोळा, काडीकचरा यांचा ढीग पाणी शिंपून, एकदोनदा वरखाली करून १५ ते २० दिवस कुजू द्यावा. हात घातल्यावर गार लागला, मगच गांडुळे सोडावीत. शंका असल्यास आधी दहावीसच सोडावीत. ती दुसऱ्या दिवशी आत सुखरूप दिसली, तर बाकीची सोडावीत.

पावसाळ्यात बांधावर दिसणारी गांडुळे बहुतेक माती खाणारी असतात. वाफ्यात त्यांचा उपयोग नाही.

वाफा छपराखाली किंवा दाट सावलीत, तीन फूट रुंद व दीडदोन फूट उंच करावा. वर ओले गोणपाट टाकावे. मूठभर खत दाबले असता हाताला ओल लागावी, पाणी निथळू नये. मुंग्यांसाठी भोवती पाण्याची चारी व कोंबड्यांसाठी जाळी हवी. मीठमसाल्याचे खरकटे व औषध फवारलेला पाला घालू नये.

दीडदोन महिन्यांत खत चहाच्या भुकटीसारखे होते. मग चारपाच दिवस पाणी बंद ठेवावे. गांडुळे ओलीकडे खाली जातात. वरचे खत हाताने काढावे. कुदळ, फावडे लावू नये.

हिशेबही नीट समजून घ्यावा. एक टन गांडूळखतात नत्र साधारण १० ते २० किलोच असते, तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो. तेव्हा पहिल्याच वर्षी उसाची सगळी खते बंद करण्याचे धाडस नको. भाजीपाला, रोपे व फळझाडे यांपासून सुरुवात करावी. या खताने माती भुसभुशीत होते, ओल धरते; हा लाभ गोणीतून मिळत नाही.

आणि गांडुळे एकदाच घ्यावी लागतात. नीट सांभाळली तर पुढचा वाफा घरच्याच गांडुळांवर चालतो, शेजाऱ्यालाही ओंजळभर देता येतात.