शोधनिबंध जगभर, तपासणी मात्र कागदावर

वैज्ञानिकाची थोरवी कशाने मोजावी, हा प्रश्न निवड समित्यांनी आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. शोधनिबंध किती, इतर संशोधकांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला आणि ते कोणत्या नियतकालिकांत छापून आले, या हिशेबावर नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेल्या ‘एच-निर्देशांका’ने तर हा सारा हिशेब एकाच आकड्यात आणून बसविला. ज्याच्या ४० निबंधांचा प्रत्येकी किमान ४० वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक ४०! कर्करोगासारख्या जीवन-मरणाच्या विषयात मात्र हा आकडा किती अपुरा ठरतो, हे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांच्या कार्याकडे पाहिले की लक्षात येते.

तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रातून फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेलेल्या या शास्त्रज्ञाचे तीन निबंध जगभर वारंवार उद्‌धृत केले जातात. तिन्ही भारतीय भूमीवरील प्रयोगांचे आहेत. पहिला २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या मुखतपासणीमुळे तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील या प्रयोगात दिसले. दुसरा २००७ चा, तोही ‘लॅन्सेट’मधील. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरा निबंध महाराष्ट्राच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेण्यात आले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. बार्शीचे डॉ. भगवान नेने हे या निबंधाचे दुसरे लेखक. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. एचपीव्ही विषाणूची चाचणी उपलब्ध करून दिलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी मोहीम न राबविलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते! पेशींची तपासणी किंवा आम्ल लावून केलेली तपासणी यांचा तेवढा ठळक परिणाम या जिल्ह्यात आढळला नाही.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते गंभीर आहेत. तपासणीने जीव वाचतो हे ठाऊक असताना हजारो स्त्रियांना केवळ तुलनेसाठी त्यापासून दूर ठेवणे नैतिक होते काय, असा टीकाकारांचा सवाल होता. देशात नियमित तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे तुलनेच्या गटाला प्रचलित सेवा आणि आरोग्यशिक्षण देण्यात आले, असा संशोधकांचा बचाव. हा वाद एका निबंधापुरता मिटवताही येईल. परंतु त्या बचावातच आपल्या आरोग्यव्यवस्थेवरील सर्वात मोठा ठपका दडलेला आहे.

कारण पुढे काय घडले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एचपीव्ही चाचणीलाच प्राथमिक तपासणी म्हणून पसंती दिली. मराठवाड्यातील स्त्रियांनी दिलेला पुरावा अशा रीतीने जागतिक धोरणाच्या पायाशी जाऊन बसला. भारत सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणीची चौकट आखली खरी. त्यात गर्भाशयमुखासाठी निवड झाली ती प्रयोगशाळा न लागणाऱ्या, स्वस्त आम्ल-तपासणीची. पण तीही घरोघर पोहोचली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी करून घेतली होती.

निबंधांचा उल्लेख वाढला की संशोधकाचा निर्देशांक वाढतो, संस्थेचा लौकिक वाढतो. ते योग्यच आहे. मात्र गावातील आरोग्य केंद्रात परिचारिका, चाचणीचे साहित्य आणि दोष आढळल्यास उपचाराची सोय नसेल, तर सर्वाधिक उद्‌धृत निबंधही त्या गावापुरता निरुपयोगी ठरतो. ही जबाबदारी संशोधकाची नव्हे, शासनाची आहे. धाराशिवच्या खेड्यांतील स्त्रियांनी जगाला पुरावा दिला. त्या पुराव्याचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना मिळतो की नाही, हाच त्या निबंधाचा खरा निर्देशांक मानावा लागेल.