शाप कुणाचा, काठी कुणाची?



पुंडलिकनगरातल्या खोलीवर आम्ही चौघं 'तुंबाड' बघत होतो. अर्ध्यात एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. असली भुताटकी कशाला बघायची?" आणि गेला निघून. हे त्याला उत्तर.

गड्या, प्रतिज्ञा पूजा करू नको म्हणते. बघू नको कुठं म्हणते? शाप म्हणजे काय यंत्र आहे, हे आपण नाही बघायचं तर कुणी?

शापाच्या सिनेमाला आधी कायदा लागतो. अमक्याला हात लावला की तमुक होणार, हे ठरलेलं पाहिजे. मग बघणारा वाट बघत बसतो, आणि त्या वाट बघण्यातच त्याची हाडं गोठतात. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (1984) कायदा चोख होता : राजघराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. पण पुढं त्रिशूळ आलं आणि सगळी भीती देवळात जमा झाली. माणसाला घाबरवायचं आणि देवाच्या पायाशी नेऊन बसवायचं, हा धंदा जुना आहे.

राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' (2018) तो धंदा करत नाही. हस्तरला सोनं मिळालं. धान्याकडं हात गेला तसे बाकीचे देव तुटून पडले. आईनं वाचवलं ते अटीवर : तुझी पूजा होणार नाही, तुझं नाव कुणी घेणार नाही. ब्राह्मण घरातला विनायकराव त्या भुकेल्यापुढं कणकेची बाहुली टाकतो आणि त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडतो. भुकेला तो राक्षस, ओरबाडणारा तो घरंदाज. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? म्हणून तो सिनेमा आतपर्यंत जातो. पण वाड्याबाहेर येत नाही. वाड्याचे चिरे कुणी वाहिले, त्यांची तोंडं दिसत नाहीत.

आता आमचा शाप ऐक. माझ्या आजीला सांगून ठेवलेलं : गावाच्या विहिरीला हात लावलास तर देवी कोपंल, पटकी येईल. छप्पन्न साली धर्मांतर झालं. तिनं घरातले देव गाठोड्यात बांधले, नदीत सोडले आणि रात्रभर दिवा जळत ठेवून पोरांच्या उशाशी बसली. कोण रक्त ओकतंय, बघत. उजाडलं. पोरं उठली आणि भाकर मागायला लागली.

महाडला तेच झालं होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं. देवी काही कोपली नाही. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली गेली, आणि आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. मागून शेणमुताच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. शापाचा अंमल देव करत नाही, गाव करतं. गाव नसतं तर शाप तिथंच मेला असता.

तू उठून गेलास तो प्रतिज्ञेनं, की आजीची ती रात्र अजून तुझ्या अंगात आहे म्हणून? राग मानू नको. माझ्याही अंगात आहे.

तोच सिनेमा पाहिजे. एक रात्र, एक म्हातारी, एक दिवा. दाराबाहेर पावलं वाजावीत आणि थेटरातल्या शेवटच्या बाकावरच्याला कळावं, ही पावलं देवीची नाहीत, गावाची आहेत.

कागद माझ्याकडं आहे. खोलीवर ये, लिहू.

जयभीम.