मामा, कार्ड वाचलंस का?

‘मामा झालो रे!’ असं स्टेटस ठेवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. इवलीशी मूठ, तिच्यात कुणाचं तरी बोट आणि खाली तीन लाल बदाम. झकास! आनंदच आहे तो. आम्हीही असे फोटो बघून हसतो, बदाम पाठवतो. पण दोस्तांनो, आज विचारायचंय ते या फोटोच्या आधीच्या नऊ महिन्यांबद्दल. घरात बाळ येणार हे कळल्यापासून फोटो टाकेपर्यंत कॉलेजात जाणाऱ्या मामाने, काकाने, आत्याने नेमकं काय केलं?

हा प्रश्न आधी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कॉलेजला येणाऱ्यांसाठी आहे. पण पालघर-वसईकडून पावसाळ्यात दाभोसा धबधब्याला बाइक काढणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. ज्या वळणांवर तुम्ही रील काढता, त्याच वळणांवरून कळा सुरू झालेली बाई दवाखान्यात जाते. तीही रस्ता असला तर. ऑगस्ट 2022 मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे झेंडे लागत असताना, मोखाड्यातल्या एका पाड्यावर घरीच जुळी बाळं जन्मली आणि दगावली. त्यांच्या आईला डोलीत घालून चिखलातून काही किलोमीटर चालत न्यावं लागलं, कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता.

वावर-वांगणी हे नाव घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या तिथल्या बालमृत्यूंनी अख्खं राज्य हादरलं होतं. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा जिल्हा झाला. दोनच वर्षांनी, 2016 मध्ये, मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. रस्ता, डॉक्टर, रक्तपेढी ही सरकारची कामं आहेत आणि ती सरकारनेच करायची. ‘तरुणांनी पुढे यावं’ असं म्हणून ती तुमच्या गळ्यात टाकणाऱ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका.

पण एक काम असं आहे की ते ना मंत्री करू शकतो ना डॉक्टर. ते म्हणजे घरातलं कार्ड वाचणं.

गरोदर बाईची नोंदणी झाली की तिला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. बहुतेक घरांत ते प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत कुडाच्या भिंतीला अडकवलेलं असतं. आशाताई आणि नर्सबाई त्यावर लिहितात, आई ते जपून ठेवते, पण घरात वाचत मात्र कुणीच नाही. वाचू शकणारे तुम्ही. खाली घ्या ती पिशवी. हिमोग्लोबिनचा आकडा शोधा. 11 पेक्षा कमी असेल तर वहिनीच्या अंगात रक्त कमी आहे. 7 च्या खाली असेल तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ चालणार नाही. वजनाचे आकडे महिन्यागणिक वाढताहेत का? लोहाच्या गोळ्या मिळाल्यात ना, आणि मिळाल्या तर पोटात जातात की फळीवर पडून आहेत? गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या बंद करणाऱ्या खूप जणी असतात. हे आशाताईला सांगायला वहिनी लाजेल, तुम्ही लाजू नका.

मग प्रसूतीची अपेक्षित तारीख. ती तर मोबाइलमध्येच टाकून ठेवा. आपल्याकडे या तारखेचा हिशेब दिवाळीशी जोडलेला आहे. भात, नागली, वरई घरात आली की पाडे रिकामे होतात. बयाणा आधीच घेतलेला असतो, त्यामुळे भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जावंच लागतं. वहिनीची तारीख फेब्रुवारीची असेल तर बाळ भट्टीवरच जन्मणार. अंगणवाडी इथे, आशाताई इथे, कार्ड भिंतीला, आणि वहिनी मात्र तिथे ताडपत्रीखाली. घरात हे बोलायला दिवाळीआधीची वेळ योग्य. वहिनीला मागे ठेवता येईल का? आजी सोबत राहील का? जाणं टळत नसेल तर कार्ड सोबत जाईल आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात पुन्हा नाव लागेल, एवढं तरी ठरवून ठेवा.

पाडा लांब असेल तर माहेरघर योजनेची चौकशी करा. तारीख जवळ आली की आरोग्य केंद्राजवळच चार दिवस आधी येऊन राहायची ही सोय खास आदिवासी भागासाठी आहे. 108 आणि 102 हे नंबर सगळ्यांना पाठ असतात, पण गाडी पाड्यापर्यंत येते की अलीकडच्या फाट्यापर्यंतच, हे आधी माहीत हवं. शिवाय रेंज कुठल्या दगडावर मिळते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता ताटाबद्दल. शहरात डोहाळे जेवणाचे फोटो फुलांच्या दागिन्यांसकट येतात. इथलं डोहाळे जेवण म्हणजे 2015 पासून सुरू असलेल्या अमृत आहार योजनेतलं अंगणवाडीचं ताट: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. योजना चांगली आहे. पण ते ताट डब्यातून घरी आलं की त्याचे चार वाटे होतात आणि अंडं हमखास धाकट्याच्या हातात जातं. आईच ती, तिला दोष कोण देणार? निदान तिने तिथेच बसून जेवावं, घरच्यांनी तेवढ्या वेळासाठी पोरांना सांभाळावं. तुम्हालाही जमेल की हे.

आजीशी मात्र भांडू नका. दवाखाना नव्हता तेव्हा सुईणीनेच पाडे सांभाळले. बाळाला उबेत ठेवायचं तिचं शहाणपण आजचे डॉक्टरही मान्य करतात. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला तेही सांगतात. फक्त पहिला पिवळसर चीक काढून टाकायचा आणि बाळाला गूळपाणी चाटवायचं, हे काही घरांत अजून चालतं, तिथे तुम्ही बोलायलाच हवं. जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध आणि पुढे सहा महिने फक्त तेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने ते संशोधन छापलं. त्या बायका तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या होत्या. बाळ दूध ओढेना, अंग गार लागतंय, श्वास भराभर चाललाय, एवढं ओळखायला शिकल्या आणि बाळं वाचली.

एक अवघड गोष्ट राहिली. तुमच्या दहावीच्या वर्गातल्या किती मैत्रिणी आज आई झाल्यात? त्यातल्या किती जणी लग्नाच्या वेळी अठराच्या होत्या? ज्या लग्नात आपण डीजेसमोर नाचलो, त्यातल्या नवरीचं वय आपल्याला माहीत होतंच. गप्प बसलो. आम्हीही बसलोय, म्हणून उपदेश करत नाही.

आणि घरात आधीचं मूल असेल तर त्याच्याकडे बघा. नवं बाळ झोळीत आलं की आठ-नऊ वर्षांच्या ताईची शाळा हळूच सुटते. बाळ तिच्या कडेवर, आई मजुरीला. कौतुकाने आपण तिचाही फोटो काढतो, ‘छोटी आई’ वगैरे लिहितो. त्याऐवजी सकाळी दहा वाजता ती कुठे असते ते विचारा.

उरली कागदपत्रं, आणि ती तर तुमच्याच वाट्याची. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर 6000. त्यासाठी आधार आणि बँक खातं जुळलेलं हवं. जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर पैसे पडत नाहीत, आणि ती जिथे जन्म झाला तिथेच होते. म्हणजे बाळ भट्टीवर जन्मलं तर तिकडच्या नोंदणी कार्यालयात, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या बाळांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागणार आहे. नाव मागाहून घालता येतं. त्यामुळे आजीचा बुध्या की तुमचा आरव, हा वाद खुशाल बारशापर्यंत चालू द्या. नोंद तेवढी वेळेत करा.