बर्फाचे पैसे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे सव्वातीन वाजले होते. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या दारात एक मुलगा घामाने निथळत उभा होता. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, म्हणून तो सहा मजले चढून आला होता. त्याच्या हातातल्या कागदी पिशवीत माझी आइस्ड लाटे होती. "सर, रेटिंग द्या प्लीज," एवढं बोलून तो परत जिने उतरायला लागला.

मी झाकण काढलं. आत फिकट तपकिरी पाणी होतं आणि त्यावर नखाएवढे दोन बर्फाचे तुकडे तरंगत होते. दहा मिनिटांत कॉल सुरू होणार होता, डोकं आधीच तापलेलं होतं. मी फोटो काढला, तक्रार टाकली, रिफंड घेतला आणि डिलिव्हरीला एक स्टार देऊन मोकळा झालो.

एक स्टार म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. आधीच्या नोकरीत मी दीड वर्ष अशाच एका सिस्टिमवर काम केलंय. माणसाच्या रेटिंगची सरासरी एका आकड्याखाली गेली की पुढचं काम देताना त्याचं नाव यादीत खाली सरकायचं. ती अट ज्या टीमने लिहिली, त्या टीममध्ये मी होतो. म्हणजे मी रागाच्या भरात नक्की काय केलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित केलं. त्यातून जे निघालं ते सांगतो. आइस्ड कॉफी घरी मागवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ही वस्तू प्रवास करण्यासाठी नाहीच. ती जिथे प्यायची तिथेच बनवायची असते. आणि ती बनवायला शिकण्याचा आपण जो आळस करतो, त्याची किंमत आपल्याबरोबर जिने चढणारा माणूसही मोजतो.

आधी गणित. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला जेमतेम ४.२ ज्यूल काढून घ्यावे लागतात. आता ८५ अंशांची १०० ग्रॅम कॉफी ५ अंशांवर आणायची असेल, तर तिच्यातून साधारण ३३,५०० ज्यूल काढायचे आहेत. त्यासाठी ९४ ग्रॅम बर्फ वितळायला लागतो. म्हणजे कॉफीइतकाच बर्फ. तुमची १०० ग्रॅम कडक कॉफी १९४ ग्रॅम पांचट कॉफी होते, आणि हे पहिल्या मिनिटातच होतं. ग्लासात उरलेला बर्फ मग बाहेरच्या उन्हाशी झुंजत वितळत राहतो. बर्फ मुख्यतः वितळूनच थंडावा देतो. 'थंडही राहिली पाहिजे आणि पाणीही व्हायला नको' ही मागणी कुठल्याही डिलिव्हरीवाल्याला पूर्ण करता येणार नाही, कारण ती निसर्गनियमात बसत नाही. पुण्याच्या चाळीस अंशांत प्लास्टिकच्या ग्लासातून पस्तीस मिनिटं फिरून आलेल्या कॉफीचं जे व्हायचं तेच माझ्या कॉफीचं झालं होतं. स्टार मात्र मी त्या मुलाचे कापले.

आता पैशांचं बोलू. त्या एका ग्लासाचे कर, पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी धरून मी ३४० रुपये दिले होते. मी घरी आणतो ती फिल्टर कॉफीची पावडर ९०० रुपये किलो पडते. एका ग्लासाला १५ ग्रॅम पुरते, म्हणजे साडेतेरा रुपये. १२० मिली दुधाचे साडेआठ रुपये. साखर आणि गॅस धरला तरी पंचवीसच्या आत. यावर लगेच उत्तर येतं की कॅफे फक्त कॉफी विकत नाही, जागा विकतो. मान्य, शंभर टक्के मान्य. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात तिथल्या मुलीला दोन तास शांतपणे अभ्यास करायला टेबल मिळतं, ज्यांना शहरात कुठेच निवांत बोलता येत नाही अशा दोघांना एक कोपरा मिळतो. त्या खुर्चीचं, एसीचं, वायफायचं भाडं म्हणून ३०० रुपये गेले तर माझी काही तक्रार नाही. पण घरी मागवलेल्या ग्लासात खुर्ची येत नाही. भाडं खुर्चीचं भरायचं आणि हातात वितळलेला बर्फ घ्यायचा, हा कुठला व्यवहार?

मग आपण मागवतो का? माझ्यापुरतं उत्तर देतो. मला वाटायचं की चांगली कोल्ड कॉफी ही घरी जमणारी गोष्टच नाही. त्यासाठी लाखाचं मशीन लागतं, प्रशिक्षित माणूस लागतो. हा समज आपोआप होत नाही, तो नीट जोपासला जातो. कॅफे तो मेन्यूतल्या भाषेने जोपासतात. आणि घरी बनवा म्हणणारे यूट्यूबवाले तर त्याहून जास्त जोपासतात. त्यांच्याकडे बगळ्याच्या मानेसारखी तोटी असलेली किटली असते, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असतो, पंचवीस हजारांचा ग्राइंडर असतो. ते पाहून माणूस एक तर हजारो रुपये घालतो किंवा 'हे आपल्याला झेपणार नाही' म्हणून पुन्हा अ‍ॅप उघडतो. मी दोन्ही केलंय. माझ्या ओट्याखाली कोल्ड ब्रूची एक महागडी बरणी आहे, सध्या तिच्यात तूरडाळ आहे.

खरं तर लागतं काय? वरचं गणित पुन्हा पाहा, उत्तर त्यातच आहे. बर्फाचं पाणी होणारच असेल तर ते आधीच हिशेबात धरायचं. म्हणजे कॉफी दुप्पट कडक करायची, किंवा ती बर्फावर ओतण्याआधीच थंड करून ठेवायची. दोन्ही एकत्र केलं तर उत्तमच. आणि दुप्पट कडक कॉफी काढणारं यंत्र आपल्या शेजारच्या राज्यात घरोघरी आहे. स्टीलचा दुमजली फिल्टर. भांड्यांच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो, वीज लागत नाही, बिघडत नाही. मला तो वापरायला माझ्या हासनच्या रूममेटने शिकवलं.

रात्री वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पावडर घाला, म्हणजे चार-पाच चमचे. छिद्रांच्या चकतीने हलकेच सपाट करा, ठासू नका, ठासली तर पाणी खाली उतरत नाही. उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं १५० मिली पाणी त्यावर हळूहळू ओता, झाकण ठेवा आणि झोपायला जा. सकाळी खाली साधारण ९० मिली डिकॉक्शन जमलेलं असतं. बाकीचं पाणी चोथ्याने धरून ठेवलेलं असतं, ते पिळून काढायच्या भानगडीत पडू नका, नुसता कडवटपणा येईल. डिकॉक्शन बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दीड-दोन दिवस चांगलं राहतं. दुपारी ग्लासात सहा-सात बर्फाचे खडे, त्यावर १२० मिली थंडगार दूध, वरून ४५ मिली थंड डिकॉक्शन. एवढंच. सगळंच आधीपासून थंड असल्यामुळे बर्फ फारसा वितळत नाही. एका रात्रीत दोन ग्लासांची सोय होते आणि दुपारचं काम दोन मिनिटांचं असतं.

साखर थंड दुधात पटकन विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून डिकॉक्शन गरम असतानाच तिच्यात साखर घाला, किंवा साखर आणि पाणी समप्रमाणात गरम करून पाक करून ठेवा. माझी शिफारस मात्र काकवीची आहे. कोल्हापूरकडून कुणी येणार असेल तर एक बाटली मागवा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटायची भीती असते, थंड दुधात काकवीला ती फारशी नसते, आणि कॉफीच्या भाजक्या चवीशी तिची छान गट्टी जमते.

बर्फाकडेही लक्ष द्या, कारण शेवटी तो तुमच्या पोटात जाणार आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा बर्फ खाराच लागतो. फ्रीझरमध्ये उघडा ट्रे आठवडाभर राहिला तर बर्फाला लसणाचा आणि मासळीचा वास लागतो. पिण्याच्या पाण्याचा बर्फ, झाकण असलेला ट्रे, दोन-तीन दिवसांत वापरून टाकायचा. लाखाचं मशीन ठेवलं आणि बर्फ वासाचा घातला तर त्या मशीनचं लोणचं घालायचं का?

पुढचा आक्षेप येतो तो पावडरीवर. 'चिकोरी घातलेली कॉफी ही कॉफीच नाही', 'रोबस्टा म्हणजे हलका माल', 'इन्स्टंट तर बोलूच नका'. हे बोलणाऱ्यांनी नकाशा उघडावा. जगात थंड कॉफीसाठी नावाजलेला देश म्हणजे व्हिएतनाम. तिथे मुख्यतः रोबस्टाच पिकते, छोट्या धातूच्या फिल्टरमधून थेंब थेंब गळते आणि कन्डेन्स्ड मिल्क व बर्फासोबत रस्त्याकडेला बसून प्यायली जाते. ग्रीसचं फ्रापे १९५७ साली थेसालोनिकीच्या व्यापारी प्रदर्शनात जन्मलं, तेही इन्स्टंट कॉफी, पाणी आणि बर्फ हलवून. त्या देशाने ते राष्ट्रीय पेय केलं, त्याची लाज वाटून घेतली नाही. आपल्याकडे होणाऱ्या कॉफीतही मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. चिकमंगळूर आणि कोडगूच्या डोंगरांत, मोठ्या झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांसोबत ती वाढते. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं आणि चव इतकी दणकट असते की दूध आणि बर्फ मिळूनही तिला बुडवू शकत नाहीत. थंड कॉफीत नेमकं हेच तर हवं. चिकोरीचं म्हणाल तर आपल्या नियमांप्रमाणे मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचा, दहा-वीस टक्के आवडते का पाहा, नाही आवडली तर निव्वळ कॉफी घ्या. हा तुमच्या जिभेचा प्रश्न आहे, प्रतिष्ठेचा नाही.

प्रतिष्ठेचा विषय निघालाच आहे, तर तेही कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी आई सोलापूरहून आली होती, तिला मी एका कॅफेत नेलं. सोबत ऑफिसमधले दोघं होते. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "बर्फाचं पाणी आहे रे हे. आपली कोल्ड कॉफी बरी." मी घाईघाईने म्हणालो, "आई, ही कोल्ड कॉफी नाही, आइस्ड लाटे आहे." ती गप्प बसली आणि ग्लास संपवला. पैसे दिलेत म्हणून.

आई घरी कोल्ड कॉफी कशी करायची ते मला त्या मे महिन्यातल्या रात्री, कागदावर आकडे मांडताना आठवलं. परीक्षेचा शेवटचा पेपर असला की सकाळीच ती निम्मं दूध स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. दुपारी ते अर्धवट गोठलेलं दूध, बाकीचं दूध, कोमट पाण्यात साखरेसोबत फेटलेली इन्स्टंट कॉफी, सगळं मिक्सरमधून एकदा फिरवायची. बर्फ अजिबात नाही. पाण्याच्या बर्फाऐवजी दुधाचाच बर्फ, म्हणजे तो वितळला तरी कॉफी पांचट होणार नाही. जो प्रश्न सोडवायला मला ३३४ ज्यूल आठवावे लागले, तो तिने एका डब्यात सोडवला होता. आणि मी तिला चारचौघांत शब्द दुरुस्त करून दिला होता.

शेवटचा आक्षेप खरा आहे, म्हणून टाळत नाही. मित्र म्हणाला, "सगळ्यांनी घरी कॉफी केली तर त्या पोरांनी खायचं काय?" ऑर्डर बंद करा असं मी म्हणत नाही. बिर्याणी मागवा, औषधं मागवा, किराणा मागवा. या वस्तू प्रवासात टिकतात, आणि आणणाऱ्याला त्याच्या हातात असलेल्या कामाचं बरं-वाईट रेटिंग मिळतं. पण जी गोष्ट वाटेत बिघडणारच आहे ती मे महिन्यात मागवायची आणि बिघडली म्हणून आणणाऱ्याला जबाबदार धरायचं, यात त्याची रोजीरोटी वाचवण्याचा काय संबंध आहे? त्याच्या पोटाची काळजी असेल तर पैसे देताना टिप द्या, दारात पाणी विचारा. वितळलेल्या बर्फाचा जाब विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅपमध्ये ते रेटिंग बदलायला गेलो. तोपर्यंत मुदत संपली होती. अशी मुदत कशासाठी ठेवतात हेही मला माहीत आहे, आम्हीही ठेवली होती.

तेव्हापासून माझ्या फ्रिजच्या दारात डिकॉक्शनची बाटली असते. दिवाळीत आई आली तेव्हा तिला ग्लास करून दिला. तिने चव घेतली, म्हणाली, "चांगली झालीय. साखर कमी आहे." होती. पुढच्या ग्लासात मी एक चमचा काकवी जास्त घातली.

तुम्ही हे बहुतेक मोबाइलवर वाचत असाल, आणि ते दुसरं अ‍ॅप याच स्क्रीनवर कुठेतरी असेल. ते राहू दे. आज रात्री फक्त पिण्याच्या पाण्याचा बर्फ लावा आणि वाटीभर दूध फ्रीझरमध्ये ठेवा. फिल्टर उद्या आणा. उद्या दुपारी सव्वातीनला लिफ्ट बंद असली तरी तुमच्या कॉफीसाठी कुणाला सहा मजले चढावे लागणार नाहीत.