मार्गशीर्षातील गुरुवार आणि अर्धा विणलेला स्वेटर

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या औद्योगिक भागांतील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या विभागांतील यंत्रे एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेच्या मागणीचा तोल सांभाळला जावा, यासाठी सुट्टीचे वार विभागवार वाटून देण्यात आले आणि त्या वाटणीत या भागाच्या पदरी गुरुवार पडला. योगायोग असा की, मार्गशीर्षातील गुरुवार हा महालक्ष्मीच्या व्रताचाही दिवस होय. घरातील कर्ता पुरुष ज्या दिवशी यंत्रापासून मोकळा होतो, नेमक्या त्याच दिवशी घरातील स्त्री पहाटे उठून सडा-रांगोळी, चौरंग, कलश, पाच झाडांच्या डहाळ्या, पूजा, नैवेद्य आणि कहाणी यांत गुंतलेली असते. ती शिक्षिका किंवा कारकून असेल, तर शाळेची घंटा वा कचेरीचा हजेरीपट तिला त्या दिवशीही चुकत नाही. तिची सुट्टी रविवारी, आणि रविवारी नवरा पाळीवर! एकाच छपराखाली संसार करणाऱ्या दोघांना वर्षानुवर्षे सामायिक सुट्टीचा वार लाभत नाही, ही गोष्ट या पट्ट्याबाहेरच्या माणसाला सांगूनही चटकन पटत नाही.

या पार्श्वभूमीवर थंडीच्या दिवसांत दरवर्षी कानांवर येणारा एक उपदेश तपासून पाहण्यासारखा आहे. हिवाळा हा उत्साहाचा ऋतू. तेव्हा या दिवसांत विणकामासारखा एखादा छंद जोपासावा, व्यायामाचा नेम धरावा, घरच्या परंपरा सांभाळाव्यात आणि या तिहींचा समतोल साधावा, असा तो उपदेश. ऐकावयास गोड, आणि त्यात खोटे असे काही नाही. परंतु तो ज्या समाजातून आपल्याकडे आला, तेथे नाताळपासून नववर्षापर्यंत बहुतेक कामकाज थंडावलेले असते. आपली लांब सुट्टी दिवाळीची. ती संपल्यावर आळंदीची कार्तिकी, चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे, दत्तजयंती, मार्गशीर्ष वद्य षष्ठीला चिंचवडचा मोरया गोसावींचा समाधी उत्सव, धुंधुरमासातील पहाटेचा नैवेद्य, भोगी, संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत रेंगाळणारी हळदीकुंकवे अशी रांग लागते; मात्र त्यांपैकी बहुतेक दिवशी कामावर जावेच लागते. केरळातून आलेल्या कुटुंबांत नाताळ आणि अय्यप्पाचे व्रत, पंजाबी घरांत लोहडी. भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांनी हा पट्टा भरला आहे आणि प्रत्येकाने ट्रंकेबरोबर आपला कुळाचारही आणला आहे. तो पार पाडणारे हात मात्र सगळ्या घरांत सारखेच.

आधी विणकामाचे पाहू. पुण्याच्या परिसरात पारा दहा अंशांखाली उतरतो तो मोजक्या रात्री. स्वेटरवाचून कोणाचे अडावे अशी ही थंडी नव्हे. शिवाय यंत्रावर विणलेला स्वेटर आज लोकरीच्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्त मिळतो. तिबेटी विक्रेते दर हिवाळ्यात पुण्यात येऊन रंगीबेरंगी ढीग मांडून बसतात. तेव्हा गरज म्हणून विणण्याचे दिवस संपले, हे मान्य केले पाहिजे. एके काळी ती गरज होती. गेल्या वर्षीचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लच्छ्या करून त्या धुवायच्या, वळ काढायचे आणि त्यात नवा रंग घालून धाकट्यासाठी पुन्हा टाके घालायचे, ही काटकसर पुष्कळ मध्यमवर्गीय घरांनी पाहिली आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी तर सीमेवरच्या जवानांसाठी देशभर घरोघरी सुया चालू होत्या.

मग आज शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत, दवाखान्याच्या बाकावर, अथवा चाकणला तळेगाव चौकाच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये एखादी बाई पिशवीतून सुया काढते, ती कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर लोकरीत सापडणार नाही. आपल्या घरांत रिकामी बसलेली बाई डोळ्यांत खुपते. पुरुष वर्तमानपत्र उघडून तासभर बसला तर तो वाचन करीत असतो. बाई भिंतीला टेकून दहा मिनिटे बसली की 'काय गं, बरं नाही का?' हा प्रश्न येतो. हातांत सुया असल्या म्हणजे हा प्रश्न येत नाही. दोन सुलट, दोन उलट अशी बोटे चालू राहतात, मुलासाठी काहीतरी होत असते, आणि त्या आडोशाने तिला स्वतःपाशी बसता येते. विणकाम ही पुष्कळ स्त्रियांच्या दृष्टीने समाजमान्य विश्रांती आहे. २०१३ साली ब्रिटनमधील एका व्यवसायोपचार-विषयक नियतकालिकात विणकाम करणाऱ्या ३,५४५ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी आपल्याला शांत व प्रसन्न वाटते असे सांगितल्याचे तीत नमूद आहे. ज्यांना विणण्याची आवड आहे त्यांनाच विचारल्यावर दुसरे काय उत्तर येणार, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. तरीही विश्रांतीसाठी कामाचे सोंग घ्यावे लागते, हा मुद्दा उरतोच.

व्यायामाची गोष्ट याहून अवघड. सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर गेले तर थंडीत माणसांची रीघ दिसते. कानटोपी, मफलर, हातात काठी, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ. स्त्रियाही येतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक येतात. पण त्या कोण, हे जरा न्याहाळावे. ज्यांची मुले मोठी झाली आहेत, किंवा ज्यांच्या घरी डबे करणारे दुसरे कोणी आहे, अशांचाच त्यांत अधिक भरणा असतो. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा, मुलांची शाळा आणि स्वतःची कचेरी गाठणाऱ्या तिशी-चाळिशीतील स्त्रीला पहाटेची टेकडी दुर्मिळ. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात, २०२२ साली भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया व ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नसल्याचा अंदाज दिला आहे. दिवसभर उभी असलेली बाई आणि ती व्यायामात कमी! हा विरोधाभास वरकरणीचा आहे. ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे श्रम खरेच. परंतु हृदय आणि फुप्फुसांना जे हवे ते त्यातून फारसे मिळत नाही. थकवा मिळतो, व्यायाम मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. हा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीशेजारी ठेवून पाहावा. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे. 'जे करतात' हे शब्द महत्त्वाचे, कारण त्या पाहणीत घरकाम करणारे पुरुष शेकडा २६ च्या आसपास होते आणि स्त्रिया शेकडा ८१. आठवड्याच्या व्यायामाला लागणाऱ्या वेळेच्या जवळपास दुप्पट वेळ एकेका दिवसाच्या घरकामात जातो. आणि हे साध्या दिवसांचे गणित झाले. तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या आणि हळदीकुंकवाची वाणे त्यात धरलेली नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, थंडीतील या तिढ्याला 'समतोल' हा शब्द लावणे ही दिशाभूल आहे. समतोल साधण्यासाठी तराजू तरी आपल्या हाती असावा लागतो. येथे परंपरेचे पारडे आधीच भरून ठेवलेले असते. उरलेल्या वेळात बाईने छंद आणि व्यायाम बसवावा अशी अपेक्षा, आणि बसला नाही तर तिचा संकल्प कच्चा! पूजेच्या आरंभी आपण जो संकल्प सोडतो, त्यात स्थळ, संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार सारे उच्चारले जाते. कोण, कोठे, केव्हा हे ठरविल्यावाचून संकल्प होतच नाही, हा त्यातला शहाणपणा. १ जानेवारीच्या संकल्पांत हेच नेमके नसते. अर्थात पूजेतही उदक सोडतो यजमान. पत्नी त्याच्या हाताला हात लावते, आणि नंतर सारे काम तिचे हात करतात.

मग परंपरा टाकून द्याव्यात काय? तसे आम्ही म्हणणार नाही. या पट्ट्यात जी कुटुंबे आली ती गाव, भाऊबंद, शेत सोडून आली. सण हीच त्यांची जुनी ओळख उरली आहे. शिवाय आपल्या हिवाळी परंपरांत शरीराची काळजी मुरलेली आहे, हे त्यांच्याकडे नुसते खाणे म्हणून पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. धुंधुरमासात सूर्योदयापूर्वी उठावयाचे आणि उजाडता उजाडता मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असा नैवेद्य दाखवावयाचा. म्हणजे पहाटे उठण्याची सक्ती तर आहेच, बक्षीसही आहे. रथसप्तमीला पुष्कळ शाळांतून सूर्यनमस्कार घातले जातात. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याच सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते आपल्या संस्थानातील शाळांत रुजविले आणि पुस्तकरूपाने परदेशापर्यंत पोहोचविले. त्यासाठी ना टेकडी लागते, ना बूट. एका सतरंजीची जागा पुरते.

पावलांचा धसकाही घेण्याचे कारण नाही. रोज दहा हजार पावले हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नसून १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले दिसले आणि साडेसात हजारांनंतर त्यात विशेष भर पडली नाही. पूर्वी हळदीकुंकवाला आळीतली दहा घरे पायी होत. आता दहा घरे एकाच इमारतीत असतात आणि उद्वाहनाने होतात, एवढाच काय तो फरक. जिने चढून वाण लुटावयास गेले तर लक्ष्मी रागावणार नाही.

कापावयाचा आहे तो परंपरेचा पसारा. उद्यापनाला पंचवीस सवाष्णींऐवजी पाच बोलवाव्यात. तिळगुळाचे लाडू बचत गटाकडून घेतले म्हणून संक्रांत उणी होत नाही, आणि घरीच वळावयाचे असतील तर ते वळण्याचे कौशल्य कारखान्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या हातांना न यावे, हे आम्हांस पटत नाही. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा लोकरीचा एखादा गोळा दिला तर तो निदान कोणाच्या तरी दुपारी उपयोगी पडेल. आणि गुरुवारची सुट्टी ज्याला आहे, त्याने मार्गशीर्षातील त्या चार-पाच गुरुवारी सकाळचा स्वयंपाक आणि पूजेची मांडणी आपल्याकडे घ्यावी. पोथी वाचावयास पुरुषाला मनाई नाही. शाळेत जाणाऱ्या बाईला त्या सकाळी अर्धा तास पायी फिरून यावयास मिळेल.

नगरपालिकेकडेही, म्हणजे १९८२ पासूनच्या महानगरपालिकेकडे, एक मागणी आहे. आपल्याकडील उद्याने सर्वसाधारणपणे सकाळी काही तास आणि सायंकाळी काही तास खुली असतात. दुपारी फाटकाला कुलूप. उन्हाळ्यात हे ठीक. हिवाळ्यात मात्र दुपारी दोन ते चारचे ऊन अंगावर घेण्यासारखे असते, आणि पहिल्या पाळीचे डबे, सकाळच्या शाळा, स्वयंपाक, भांडी हे सारे उरकून स्त्रीला जर कधी तास-दीड तास मोकळा मिळत असेल, तर तो याच वेळी. सकाळच्या सत्रातील शिक्षिकाही तेव्हा सुटलेली असते. कार्तिकीपासून रथसप्तमीपर्यंत तरी प्राधिकरण, चिंचवड, भोसरी या भागांतील उद्याने दुपारी उघडी ठेवावीत. एक जादा रखवालदार आणि स्वच्छतागृहाची किल्ली, यापलीकडे त्याला फारसा खर्च नाही. बाया चार फेऱ्या मारतील, उन्हात बाकावर बसतील, गळ्याचे टाके कसे उचलावेत हे एकमेकींना विचारतील. मार्गशीर्षात सुरू केलेल्या स्वेटरची पाठ तोवर झालेली असते. बाह्या आणि गळा उरलेला असतो, आणि रथसप्तमीला अवकाश असतो.